नवा स्तन आणि त्याचा आकार

गेल्या महिन्यात शिरढोणच्या दवाखान्यात पन्नाशीच्या एक बाई आल्या. तपासण्या पूर्ण झालेल्या, उजवा स्तन काढावा लागणार हे निश्चित झालेले. यजमानांना बाहेर बसवून त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "डॉक्टर, नवा स्तन करून देतात म्हणे. तो जरा लहान मागितला तर चालेल का?"

हा प्रश्न ऐकून मला पंधरा वर्षांपूर्वीच्या एका रुग्णेची आठवण झाली. तिला मी "आता या वयात कशाला?" असे म्हणून गप्प केले होते. पुढे ती जेव्हा जेव्हा आली, तेव्हा पदर घट्ट ओढूनच बसली. ते वाक्य मी परत घेऊ शकलो नाही.

लहान आकार अवश्य मागता येतो. आयुष्यभर जड स्तनांमुळे पाठ-मान दुखलेल्या स्त्रीला तर दुसरा स्तनही शस्त्रक्रियेने लहान करून जोड जुळवता येते. मात्र आकार ब्रेसियरच्या नंबरावरून ठरत नाही. छातीची रुंदी, शिल्लक राहणारी त्वचा आणि दुसरा स्तन यांवरून शल्यविशारद तो ठरवतात. काही वेळा त्वचेखाली आधी रिकामी पिशवी बसवून काही आठवड्यांत तिच्यात थोडे थोडे सलाईन भरत जातात. आरशात पाहून "आता पुरे" असे म्हणण्याची संधी त्यात रुग्णेलाच मिळते. त्यानंतर कायमचे सिलिकॉनचे इम्प्लांट बसते. तेही जन्मभर टिकेलच असे नाही.

दुसरा मार्ग स्वतःच्या पोटाच्या किंवा पाठीच्या ऊतींचा. शस्त्रक्रिया मोठी, व्रण दोन ठिकाणी. पण स्पर्शाला मऊ आणि वजनाबरोबर कमीजास्त होणारा स्तन मिळतो. पुढे किरणोपचार द्यायचे असतील तर हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो, कारण किरणांमुळे इम्प्लांटभोवतीचा भाग आवळून कडक होण्याचा संभव वाढतो. अशा वेळी पुनर्रचना काही महिने पुढे ढकलणेही शहाणपणाचे असते. ती वर्षांनंतरही करता येते. पूर्वीची संवेदना मात्र बहुधा परत येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

आपल्याकडच्या बायकांना आणखी एक गोष्ट विचारावीच लागते, ती मशेरीची. तंबाखूतील निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि हलवलेली ऊती जगण्यास तोच रक्तपुरवठा लागतो. हे व्यसन लपवणे येथे महागात पडते. मधुमेहही आटोक्यात हवा.

काहीच न करणे हाही पूर्ण निर्णय आहे. ब्रेसियरमध्ये बसणारा वजनदार कृत्रिम स्तन खांद्यांचा तोल सांभाळतो. घरी आल्यावर काढून ठेवता येतो. शेतावर राबणाऱ्या एका मावशींनी तोही नाकारला, आणि त्या मजेत आहेत. पुनर्रचनेने कर्करोग उलटण्याची शक्यता वाढत नाही, म्हणून ती भीती निर्णयात आणू नये.

बाईंना मी चार प्रश्न कागदावर लिहून दिले: किरणोपचार लागणार का, माझ्या बाबतीत कोणता मार्ग, दुसऱ्या स्तनाचे काय, आणि योजनेत कोणता खर्च बसतो. शेवटचा प्रश्न रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारायचा. मग यजमानांना आत बोलावले. ते म्हणाले, "सासूबाईंना विचारून सांगतो." बाईंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "मी विचारलंय ना, तेवढं पुरे."

शस्त्रक्रियेची तारीख अद्याप मिळालेली नाही. मशेरीचा डबा मात्र घरातून गेला आहे, असे यजमानच सांगत होते.