अन्य भाषांचे दान : लोपले की आजही चालू आहे?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या मार्गावरील चितेगाव हे कारखान्यांमुळे वाढलेले गाव आहे. अशा औद्योगिक वस्त्यांमध्ये पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे आपल्या मूळ धर्मग्रामापासून दूर राहतात. कॅथलिक, उत्तर भारतीय मंडळीचे, मेथॉडिस्ट, पेन्टेकॉस्टल अशी निरनिराळ्या परंपरांतील ख्रिस्ती माणसे तेथे एकमेकांचे शेजारी होतात, एकमेकांच्या आजारपणात प्रार्थनेला जातात, सुखदुःखात सहभागी होतात. ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु या शेजारधर्मातूनच एक प्रश्न आपल्या घरात शिरतो : "तुम्हांला अन्य भाषांचे दान मिळाले आहे काय? नसेल तर पवित्र आत्मा तुमच्यात कसा असेल?" याच्या अगदी उलट बोलणारेही भेटतात. त्यांच्या मते अन्य भाषा प्रेषितांबरोबरच संपल्या आणि आज जे ऐकू येते तो केवळ भावनेचा उद्रेक होय, किंवा त्याहूनही वाईट काही.

या दोन्ही बोलण्यांनी श्रद्धावंत माणूस दुखावला जातो. लहानपणी बाप्तिस्मा आणि पुढे दृढीकरण संस्कार स्वीकारलेल्या एखाद्या भगिनीला आपले ख्रिस्ती जीवन अपुरे असल्याचा न्यूनगंड येतो, तर प्रार्थनागटात मनापासून स्तुती करणाऱ्या बांधवाला वेड्यात काढले जाते. म्हणून या वादाचे मूळ काय आणि ख्रिस्तसभेची शिकवण काय, याचा शांतपणे विचार करणे आम्हांस आवश्यक वाटते.

पवित्र शास्त्रातील दोन चित्रे

नव्या करारात या दानाची दोन वेगळी चित्रे आढळतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात पेन्टेकॉस्टच्या दिवशी शिष्य बोलू लागतात आणि देशोदेशींहून आलेल्या यात्रेकरूंना आपापल्या मातृभाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू येतात. तेथे दुभाष्याची गरज पडत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मात्र चित्र निराळे आहे. तेथे बोलणारा माणूसांशी नव्हे तर देवाशी बोलतो, ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ लागत नाही, म्हणून अर्थ सांगणारा हवा असतो.

संत पौलाचा सल्ला समतोल आहे. अन्य भाषा बोलण्यास तो मनाई करीत नाही, उलट आपल्याला हे दान असल्याबद्दल देवाचे आभार मानतो. परंतु सभेत फार तर दोघातिघांनी, तेही एकामागून एक बोलावे, आणि अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने गप्प राहून मनातल्या मनात देवाशी बोलावे, असा दंडक तो घालून देतो. न कळणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द त्याला मोलाचे वाटतात. आणि या दोन अध्यायांच्या बरोबर मध्ये त्याने प्रीतीचा अध्याय ठेवला आहे, हे विसरता कामा नये.

त्याच तेराव्या अध्यायात भाषा बंद पडतील आणि पूर्ण ते आले म्हणजे अपूर्ण ते नाहीसे होईल, असे तो सांगतो. सारा वाद या 'पूर्ण' शब्दाभोवती फिरतो. दाने संपली असे मानणाऱ्यांपैकी काहींच्या मते 'पूर्ण' म्हणजे नव्या कराराचे लिखाण पूर्ण होणे. परंतु पौल पुढे समोरासमोर पाहण्याविषयी बोलतो. देवाचे असे दर्शन या जगाच्या अंतीच घडणार आहे. त्यामुळे या वचनाच्या आधारे दाने पहिल्या शतकातच आटोपली, असे सिद्ध करणे कठीण आहे.

पूर्वाचार्यांची साक्ष

तरीही दाने थांबली असे म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. दुसऱ्या शतकात संत इरेनियस आपल्या काळातील बंधू नाना भाषा बोलत असल्याचे लिहितात. परंतु चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जॉन ख्रिसोस्तोम यांना करिंथकरांच्या पत्रातील हा भाग दुर्बोध वाटतो, कारण त्या गोष्टी आता घडत नाहीत, असे ते स्पष्ट सांगतात. संत ऑगस्टीन यांनीही योहानाच्या पहिल्या पत्रावरील प्रवचनांत हे चिन्ह त्या काळापुरते होते असे म्हटले. आता साऱ्या राष्ट्रांत पसरलेली ख्रिस्तसभाच सर्व भाषांत बोलते, असा त्यांचा विचार होता. पण उत्तरायुष्यात 'देवनगरी' या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात याच ऑगस्टीन यांनी आपल्या काळात घडलेल्या रोगमुक्तीच्या अनेक घटना नोंदवून ठेवल्या. म्हणजेच चमत्कारांचे युग संपले, असे सरसकट विधान त्यांनाही मान्य उरले नाही.

प्रॉटेस्टंट परंपरेत या मताला ठाम रूप दिले ते प्रिन्स्टनचे बी. बी. वॉरफिल्ड यांनी, १९१८ सालच्या आपल्या ग्रंथात. चमत्कार ही प्रेषितांची ओळखपत्रे होती, पाया एकदाच घातला जातो, तो पुनःपुन्हा घालावा लागत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. आपल्या काळात अमेरिकेतील धर्मोपदेशक जॉन मॅकआर्थर यांनी २०१३ साली खास परिषद भरवून पेन्टेकॉस्टल आणि कॅरिस्मॅटिक चळवळींवर कडाडून टीका केली. २०२५ साली त्यांचे निधन झाले, तरी त्यांची पुस्तके व भाषणे आजही वाचली-ऐकली जातात, आणि हा वाद आपल्या दारापर्यंत येण्याचे तेही एक कारण आहे.

केडगावची ज्योत

हा वाद परदेशातून आला, असे समजणे मात्र बरोबर नाही. त्याचा एक महत्त्वाचा अध्याय महाराष्ट्राच्या मातीतच लिहिला गेला आहे. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी दुष्काळात होरपळलेल्या मुलींसाठी व विधवांसाठी मुक्ती मिशन उभारले. वेल्समधील धर्मजागृतीची वार्ता कानी आल्यावर १९०५ च्या आरंभी त्यांनी प्रार्थनेसाठी मुलींना एकत्र बोलावले. त्या वर्षीच्या जूनअखेरीस तेथे पश्चात्तापाची आणि प्रार्थनेची मोठी लाट उसळली. पुढे काही मुली अन्य भाषांत प्रार्थना करू लागल्या. दौंड येथील मिशनरी आल्बर्ट नॉर्टन यांनी तर इंग्रजी न येणारी मुलगी इंग्रजीत प्रार्थना करीत असल्याचे आपण ऐकले, असे लिहून ठेवले.

लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावरील प्रसिद्ध सभा सुरू झाल्या त्या एप्रिल १९०६ मध्ये. केडगावची जागृती त्याआधीची आहे. म्हणूनच पेन्टेकॉस्टल चळवळीचा उगम एकाच ठिकाणी झाला नाही, असे काही इतिहासकार मानतात. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी १९०६ साली लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिली देशात त्यांच्या मैत्रिणीच्या हाती पडली आणि १९०९ साली वाल्पाराइसो शहरात तशीच जागृती झाली. आपल्या भीमथडीच्या काठावरील ज्योत सातासमुद्रापार पोचली ती अशी.

पण आमच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे ती स्वतः रमाबाईंची भूमिका. ज्या मुलींच्या मुखातून हे शब्द आले त्यांना त्यांनी गप्प केले नाही. आणि ज्या मुलींना ते दान मिळाले नाही त्यांना कमी लेखलेही नाही. पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची अत्यावश्यक खूण एकच, आणि ती म्हणजे दैवी प्रीती, असे त्यांचे मत होते. इतर दाने टाकून देऊ नयेत, पण त्यांना अट बनवू नये. त्या कॅथलिक नव्हत्या. तरीही करिंथकरांच्या पत्राचे मर्म त्यांनी अचूक जाणले होते.

ख्रिस्तसभेचा निर्णय

हाच वाद कॅथलिक ख्रिस्तसभेत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत उभा राहिला. ऑक्टोबर १९६३ मध्ये कार्डिनल रुफिनी यांनी असामान्य कृपादाने आरंभीच्या काळात विपुल होती, आज ती अत्यंत विरळ आहेत, असे मांडले. त्याला कार्डिनल सुएनन्स यांनी उत्तर दिले की, कृपादाने ही ख्रिस्तसभेच्या जीवनातील किरकोळ बाब नसून प्रत्येक धर्मग्रामात, साध्या प्रापंचिकांतही ती असतात. परिषदेने सुएनन्स यांचा विचार स्वीकारला, पण रुफिनी यांची सावधगिरीही सोडली नाही. १९६४ च्या 'लुमेन जेन्शियुम' या दस्तऐवजाचा बारावा परिच्छेद पाहावा. साधी असोत वा असामान्य, कृपादाने कृतज्ञतेने स्वीकारावीत. असामान्य दानांचा उतावीळपणे हव्यास धरू नये. त्यांच्या खरेपणाचा निर्णय ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांनी करावा, मात्र आत्म्याला विझवू नये.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६७ साली, अमेरिकेतील ड्युकेन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या तपसाधनेतून कॅथलिक कॅरिस्मॅटिक नवीकरणास प्रारंभ झाला. १९७२ साली ते मुंबईत पोचले. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली रोममध्ये या चळवळीच्या सभासदांचे स्वागत केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली सांगितले होते की, आरंभी त्यांना ही मंडळी प्रार्थनेचा आणि नृत्यशाळेचा घोळ घालतात असे वाटे, पुढे मात्र त्यांचे मत बदलले. त्यांच्याच प्रेरणेने २०१९ च्या पेन्टेकॉस्टला 'कॅरिस' या जागतिक सेवासंस्थेचे कार्य सुरू झाले.

कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २००३ क्रमांकाच्या परिच्छेदात अन्य भाषांचा उल्लेख कृपादान म्हणून केलेला आहे. पण अशी सर्व दाने पावन करणाऱ्या कृपेसाठी आणि सर्वांच्या हितासाठी असतात, असे तेथे बजावले आहे. तेव्हा आपले उत्तर दुहेरी आहे. दान थांबले, असे ख्रिस्तसभा शिकवीत नाही. ते प्रत्येकाला मिळालेच पाहिजे, असेही शिकवीत नाही. आपल्या दृढीकरणात आपण पवित्र आत्मा खरोखर स्वीकारला आहे. त्यावर दुसऱ्या कोणत्याही चिन्हाची मोहोर लागत नाही. सगळेच अन्य भाषा बोलतात काय, हा पौलाचा प्रश्नच त्याचे उत्तर आहे.

परीक्षा कशी करावी?

भाषाशास्त्रज्ञांनीही या विषयाचा अभ्यास केला आहे. विल्यम सॅमरिन यांनी १९७२ साली दाखवून दिले की, अशा प्रार्थनेत बहुधा कोणत्याही मानवी भाषेचे व्याकरण नसते आणि तिचे ध्वनी बोलणाऱ्याच्या परिचयाच्या भाषांतून आलेले असतात. २००६ साली पेनसिल्व्हेनियात पाच स्त्रियांच्या मेंदूची तपासणी झाली. अन्य भाषांत प्रार्थना करताना स्वनियंत्रणाशी संबंधित अग्रभागातील क्रिया मंदावल्याचे त्यात दिसले. यावरून कोणी म्हणेल, मग हे सारे खोटेच. आम्हांस तसे वाटत नाही. तान्हे मूल शब्दांवाचून आईला हाक मारते, शोकाकुल माणूस शब्दांवाचून हुंदका देतो. त्यांत व्याकरण नसते, पण अर्थ असतो. मात्र जे परकी भाषा म्हणून सिद्ध होत नाही त्याला चमत्काराने मिळालेली परकी भाषा म्हणून मिरवू नये, एवढी सचोटी आपण पाळलीच पाहिजे.

वाणीचे नवल पैठणच्या परिसराला नवे नाही. रेड्यामुखी वेद वदविल्याची ज्ञानेश्वरांची कथा येथलीच. परंतु ज्ञानेश्वरांनी आणि पुढे पैठणच्या एकनाथांनी समाजाला जे दिले, ते लोकांना समजेल अशा मराठीत. आपल्या परंपरेतही हेच दिसते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्याविषयी अन्य भाषांच्या दानाच्या कथा प्रचलित झाल्या, पण त्यांची स्वतःची पत्रे सांगतात ती तामिळ प्रार्थना भाषांतरित करून पाठ करण्याच्या कष्टांची हकिकत. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे 'क्रिस्तपुराण' रायतूर येथे छापले गेले. परक्याची भाषा वर्षानुवर्षे शिकून तिच्यात ख्रिस्त गाणे, हेही पेन्टेकॉस्टचेच फळ नव्हे काय?

म्हणून आपल्या प्रार्थनागटांना आमचे नम्र सुचवणे आहे. ज्याला हे दान लाभले आहे त्याने ते एकांतातील स्तुतीसाठी कृतज्ञतेने वापरावे. सभेत पौलाचा दंडक पाळावा. नव्याने आलेल्यांना ठरावीक शब्द पुनःपुन्हा म्हणायला लावून दान 'शिकवू' नये. धर्मगुरूंच्या मार्गदर्शनाबाहेर जाऊ नये. रोमच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने सप्टेंबर २००० मध्ये रोगमुक्तीच्या प्रार्थनांविषयी दिलेल्या सूचनांत उन्माद, कृत्रिमता आणि नाटकीपणा टाळावा असे सांगितले आहे. तीच कसोटी येथेही लावावी. रोग्याचे औषध बंद करायला सांगणारा किंवा प्रार्थनेचे मोल पैशात मागणारा माणूस कितीही भाषांत बोलला, तरी त्याच्यापासून दूर राहावे.

आणि जे प्रार्थनागटाबाहेर आहेत त्यांनीही एक प्रश्न स्वतःला विचारावा. आपला माणूस दुसऱ्या मंडळीत जातो तो केवळ अन्य भाषांसाठी जातो काय? पुष्कळदा तो जातो, कारण तेथे कोणी त्याचे नाव घेऊन प्रार्थना करते, कामावरून कमी झालेल्या दिवशी त्याच्या घरी येते, आजारी मुलाच्या उशाशी बसते. चितेगावसारख्या वस्तीत दूरच्या चर्चमधील रविवारचा मिस्सा चुकलेल्या कुटुंबाची चौकशी आठवडाभरात कोणी केली नाही, तर अन्य भाषांवरील आपले सारे युक्तिवाद व्यर्थ आहेत. दारात उभे राहून मराठीत विचारलेले "कसे आहात?" हे शब्द पौलाच्या त्या पाच शब्दांतलेच आहेत. त्यांचा अर्थ सांगायला कोणी लागत नाही.