डबा एक, वायरी अनेक

मदरबोर्ड बसला, प्रोसेसर बसला, रॅमही बसली. पण अजून कुणाच्याच पोटात काही नाही! त्यांना जेवू घालणारा डबा म्हणजे पॉवर सप्लाय. दुकानात त्याला ‘एसएमपीएस’ म्हणतात.

आपल्या घरात वीज येते २३० व्होल्टची आणि एसी. संगणकाला मात्र हवी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी. हे रूपांतर हा डबा करतो.

आता एक सोपं गणित. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. संगणकाला १२ व्होल्टवर ३०० वॅट हवे असतील, तर प्रवाह किती? २५ अँपिअर! एवढा प्रवाह एका वायरीतून नेला तर ती तापेल. म्हणून तो अनेक वायरींत वाटून देतात. प्लग अर्धवट बसला, तर जोड तापतो आणि प्लास्टिक वितळू शकतं. म्हणून आजचा मंत्र : प्लग पूर्ण बसलाच पाहिजे!

चला, कामाला लागू. घरातलं मोठं माणूस शेजारी हवंच.

१. भिंतीच्या सॉकेटला अजून काही जोडू नका.

२. कॅबिनेटच्या तळाला जाळी असेल तर डब्याचा पंखा खाली करा. जाळी नसेल तर वर. त्याला हवा मिळायला हवी ना!

३. मागचे चार स्क्रू आधी सैलसर लावा, मग सगळे आवळा.

४. २४ पिनांचा मोठा प्लग मदरबोर्डला लावा. खटका ‘टक्’ करून अडकला पाहिजे.

५. प्रोसेसरचा आठ पिनांचा प्लग बहुतेक वेळा चार अधिक चार असतो. ग्राफिक्स कार्डाचा सहा अधिक दोन. दिसायला भावंडं, पण वायरींची मांडणी उलटी! त्यावरचं नाव वाचा. जात नसेल तर जोर लावू नका.

६. हार्ड डिस्कचा चपटा प्लग एकाच बाजूने बसतो.

काही डब्यांच्या वायरी सुट्या येतात. अशा वेळी दुसऱ्या डब्याची वायर कधीही वापरू नका, ती अगदी तशीच दिसली तरी. डब्याकडच्या टोकाला सगळ्या कंपन्यांचा एक नियम नाही. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले, तर डिस्क जळेल आणि तिच्यातले घरचे फोटोही जातील. नवी डिस्क बाजारात मिळते, आजीचे फोटो कुठून आणणार?

आणि डबा उघडायचा नाही म्हणजे नाही! पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. तिचा झटका जीवघेणा ठरू शकतो.

जुन्या डब्यामागे ११५/२३० असं लाल बटण असेल, तर ते २३० वरच हवं.

आईबाबांसाठी दोन शब्द : कॅबिनेटबरोबर येणाऱ्या स्वस्त डब्यावरचा मोठा आकडा पाहून भुलू नका. १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. आणि घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या.

आता गृहपाठ. तुमच्या डब्यावरचं लेबल शोधा, १२ व्होल्टपुढचे अँपिअर वाचा आणि गुणाकार करा. उत्तर डब्यावरच्या मोठ्या आकड्याच्या जवळपास येतं का? फारच कमी आलं, तर बाबांना सांगा : डबा बोलतो मोठं, वाढतो थोडं!