कुंडीतली मेंदी आणि बाजारातली मेंदी

कापडाच्या दुकानात नवा मुलगा कामाला लागला की त्याला हिशेबाच्या आधी माल ओळखायला शिकवतात. काठातून एक सूत ओढायचे आणि काडी लावायची. राख भुरभुरीत झाली तर सुती, कडक गोळी झाली तर मिसळ. ताग्यावरचा छाप वाचायचा तो त्यानंतर. पण दुकानातली ही नजर आपण घरी आलो की खुंटीला टांगून ठेवतो. मेंदी, सब्जा, हळद, पुदिना, कोरफड या वस्तू आज आपल्या घरात कोनातून, पुडीतून आणि बाटलीतून येतात. त्यांचे पान कसे दिसते, वास कसा येतो, हे घरातल्या मुलांना विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही.

व्यापारी व कारागीर बांधवांपुढे माझे म्हणणे साधे आहे. प्रत्येकाच्या गॅलरीत, गच्चीत किंवा खिडकीत चार-पाच औषधी व सुगंधी रोपे असावीत. त्याने पैसे वाचतील ते वाचतील, पण खरा माल कोणता आणि खोटा कोणता याची पारख घरात राहील. ही पारख गेली तर उद्या आपण फसवले जाऊ, आणि नकळत गिऱ्हाइकालाही फसवू.

आपल्या शहरात ही पारख होती. गंज पेठ, नाना पेठ, भवानी पेठेतल्या जुन्या घरांना अंगण नसले तरी परसाची एखादी पट्टी असे. तिथे मेंदी, अडुळसा, रैहान, गवती चहा अशी झाडे तगून राहत. खोकल्याला कोणते पान आणि सरबताला कोणते, हे वडीलधाऱ्या बायकांना ठाऊक होते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बरीच कुटुंबे कोंढव्याकडच्या इमारतींत गेली. घरे पक्की झाली, नळ आत आले, हे चांगलेच झाले. पण परसाची पट्टी मागे राहिली आणि तिच्याबरोबर तिथली माहितीही.

मेंदीचेच उदाहरण घ्या. ईदच्या आधी आणि लग्नसराईत कोनांचा केवढा धंदा होतो! यातले कितीतरी विक्रेते आपलेच आहेत. खऱ्या मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. त्याचा रंग आधी केशरी दिसतो आणि एक-दोन दिवसांत गडद तपकिरी होतो. अर्ध्या तासात हात काळाभोर झाला तर ती नुसती मेंदी नव्हे. तिच्यात बहुधा पीपीडी हे केसांच्या कलपातले रसायन असते. युरोप-अमेरिकेत ते थेट त्वचेला लावण्यास परवानगी नाही. त्याने कातडीला फोड येतात, डाग राहतात, आणि एकदा वावडे निर्माण झाले की माणसाला पुढे आयुष्यभर कलप लावणे अवघड होते. दुसरी खूण अशी की पाण्यात भिजवलेली ताजी मेंदी बाहेर ठेवली तर काही दिवसांतच तिचा जोर जातो. जो कोन फ्रीजविना महिनोन् महिने दुकानात राहूनही गडद रंग देतो, त्यात मेंदीखेरीज काय आहे, हे घाऊक व्यापाऱ्याला विचारलेच पाहिजे.

ज्याच्या कुंडीत मेंदी आहे त्याला हे वाचून समजावे लागत नाही. तो पाने वाटतो, हाताला लावतो आणि रंग कसा चढतो ते डोळ्यांनी पाहतो. राजस्थानातल्या सोजतच्या मेंदीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे खऱ्या मालाला बाजारात स्वतंत्र नाव आणि भाव आहे. मालातला ऐब सांगून विकणे ही आपल्याकडे व्यापाराची पहिली अट मानली जाते. पण ऐब ओळखताच आला नाही, तर सांगणार कसा?

तीच गोष्ट सब्जाची. फालुद्यात आणि रमजानच्या सरबतात आपण जो सब्जा घालतो तो रैहानाच्या जातीच्या एका झाडाचा दाणा. अलीकडे चियाचे बी बाजारात आले आहे आणि पुष्कळांना दोन्ही एकच वाटतात. सब्जाचा दाणा एकरंगी काळा असतो व पाण्यात काही मिनिटांत फुगतो. चिया करडा, ठिपकेदार असतो आणि त्याला जास्त वेळ लागतो. आणि शंका राहिलीच तर पुडीतले चार दाणे मातीत टाका. पानाला रैहानाचा वास आला की पुडी खरी.

पानामुळांची माहिती हे भांडवल असते, हे आपल्याला अमेरिकेने शिकवले. १९९५ साली जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाचे पेटंट तिथल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. जी गोष्ट आपल्या प्रत्येक घरातली आजी करत होती, तिच्यावर दुसऱ्याची मालकी! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या केंद्रीय संस्थेचे महासंचालक होते. त्या संस्थेने दावा लढवला, जुने ग्रंथ व छापील लेख पुरावा म्हणून मांडले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. त्यानंतर २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह करण्याचे काम सुरू झाले. त्यात आयुर्वेदाबरोबर युनानीचे अरबी, फारसी व उर्दू ग्रंथही घेतले गेले. आजीचे ज्ञान कागदावर होते म्हणून दावा टिकला. जे आपल्या घरात नुसते तोंडी आहे आणि आता तेही विसरले जात आहे, त्याचा पुरावा कुठून आणणार?

कारागिरांसाठी याहून जवळचे उदाहरण कच्छचे आहे. तिथल्या खत्री मुस्लिम रंगाऱ्यांनी १९७० नंतर रासायनिक रंग मागे ठेवून अजरखच्या कामात पुन्हा नीळ, मंजिष्ठ, डाळिंबाची साल आणि हिरडा यांचा वापर वाढवला. २००१ च्या भूकंपात त्यांचे धमडका गाव उद्ध्वस्त झाले, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांनी अजरखपूर हे नवे गाव वसवले. त्यांच्यातल्या इस्माईल खत्री यांना इंग्लंडच्या डी माँटफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. ठसे उमटवणारे देशात पुष्कळ आहेत. यांना पानाची आणि सालीची ओळख होती, म्हणून जगाने त्यांची किंमत केली. त्यांचा तो हिरडा आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात होतो, हे आपल्यापैकी किती कापडवाल्यांना माहीत आहे?

येथे दोन इशारे देणे आवश्यक आहे. पहिला, घरची कुंडी म्हणजे दवाखाना नव्हे. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असावी, असाही मुद्दा पुढे आला. दोघांपैकी कोणीही बरोबर असो, धडा एकच: नीट ओळख पटल्याशिवाय पान पोटात घालू नये. जी६पीडी नावाची जन्मजात उणीव असलेल्या बाळाला अस्सल मेंदीही घातक ठरते. तेव्हा तान्ह्या मुलांना मेंदी लावू नये. गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाबाची औषधे घेणारे यांनी हकीम किंवा डॉक्टरांना विचारूनच काढे घ्यावेत. आपल्या आझम कॅम्पसमध्ये युनानी वैद्यकीय महाविद्यालय आहे. विचारायला दूर जावे लागत नाही.

दुसरा इशारा खास व्यापाऱ्यांसाठी. औषधी वनस्पती म्हटले की कोणीतरी लाखोंच्या नफ्याची योजना घेऊन येतोच. २००० नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात सफेद मुसळीची अशीच लाट आली होती. बेणे विकणारे कमावून गेले आणि लावणारे माल घेऊन गिऱ्हाईक शोधत बसले. विकत घेणारा कोण, हे ठरल्याशिवाय एक गुंठाही लावू नये. गॅलरीतल्या कुंडीचा नफा वेगळा आहे, आणि तिच्यात बुडण्यासारखे काही नाही.

आता प्रत्यक्ष काम. मेंदी आणि कढीपत्ता उन्हात, मोठ्या कुंडीत लावा. मेंदीची फांदी पावसाळ्यात लावली तर सहसा जगते. पुदिना अर्ध्या उन्हात चालतो, पण तो पसरतो, त्याला वेगळी कुंडी द्या. मंडईतून आणलेल्या जुडीतल्या मुळासकट काड्याही लागतात. ओव्याच्या पानाची एक फांदी खोचली की पुरे. गवती चहाला खोल डबा लागतो. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा खाली भोके पाडून उत्तम चालतो. वजूच्या पाण्यात साबण नसतो, तांदूळ धुतलेल्या पाण्यातही नसतो. दोन्ही कुंडीला घाला, टँकरच्या पाण्यावर बोजा पडणार नाही. रोपे एम्प्रेस गार्डनच्या रोपवाटिकेत किंवा सोलापूर रस्त्यावर मिळतात. शेजाऱ्याकडून फांदी मागितली तर तेवढाही खर्च नाही.

बांधवांनो, मुलांच्या शाळेवर आपण खर्च करतो, तो केलाच पाहिजे. पण व्यापाऱ्याच्या मुलाला मालाची ओळख शाळेत मिळत नाही, ती घरात आणि दुकानात मिळते. येत्या पावसाळ्यात मेंदीची एक फांदी लावा आणि तिला पाणी घालण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलावर सोपवा. पुढच्या काही ईदींत तो कोन विकत घेताना कोनाला दोन प्रश्न विचारेल. इन्शाअल्लाह, तोच मुलगा उद्या गल्ल्यावर बसला की गिऱ्हाइकालाही खरे उत्तर देईल.