पायाखालची भूमी वाचणार कोण?

जून महिना उजाडला की मध्यमवर्गीय घरांतून एकच चर्चा ऐकू येते. गुणपत्रिका, प्रवेशफेऱ्या, शुल्क आणि ‘पॅकेज’ यांपलीकडे विषय जात नाही. अशाच दिवसांत परिचयातील एका घरी गेलो होतो. बारावीला उत्तम गुण मिळवलेली त्या घरची मुलगी भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचे आणि पुढे पर्यावरणीय भूशास्त्राकडे वळायचे म्हणत होती. आई गप्प होती. वडील मात्र काकुळतीने म्हणाले, “आता तुम्हीच चार गोष्टी सांगा हिला. एवढे गुण मिळवून दगडधोंडेच मोजायचे का?” त्या वेळी मी फारसे बोललो नाही. परंतु हा प्रश्न त्या एका घरचा नाही, म्हणून त्याचे उत्तर येथे देत आहे.

पर्यावरण हा शब्द आपण एव्हाना इतका वापरला आहे की त्यातील अर्थच झिजून गेला. अकरावी-बारावीचा पर्यावरण प्रकल्प म्हणजे कोठून तरी उतरवून काढलेली वही आणि पर्यावरणदिन म्हणजे वृक्षारोपणाचे छायाचित्र, अशी आपली समजूत झाली आहे. पर्यावरणीय भूशास्त्र हे त्याहून निराळे आणि कष्टाचे शास्त्र आहे. पावसाचे पाणी जमिनीत किती मुरते, कोणत्या थरात साठते, त्यात कोणते क्षार मिसळतात, डोंगराचा कोणता उतार कधी घसरेल, कचऱ्याच्या डेपोखालून झिरपणारे पाणी कोणाच्या विहिरीत उतरेल, या प्रश्नांची उत्तरे ते शोधते.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याच्या खडकाने व्यापला आहे. हा काळा पाषाण वाळूसारखे पाणी धरून ठेवत नाही. पाणी सापडते ते वरच्या मुरमात, सच्छिद्र मांजऱ्यात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे एका शेतातील विहीर तुडुंब आणि पन्नास पावलांवरची कोरडी, हा अनुभव आपल्याकडील प्रत्येक शेतकऱ्याला आहे. तरीही बोअर कोठे घ्यावी हे आजही अनेक गावांत नारळ किंवा बेचक्याची काठी हाती धरणारा पाणाड्या ठरवतो. बोअर कोरडी गेली की त्याचा दोष नशिबाला लागतो आणि कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर राहते.

आपल्या पूर्वजांनी हा विषय केवळ श्रद्धेवर सोडला नव्हता. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील ‘बृहत्संहिते’त ‘दकार्गल’ नावाचा अध्याय भूमिगत पाण्यासाठीच आहे. वृक्ष, वारुळे, मातीचे रंग आणि खडक यांच्या निरीक्षणावरून पाण्याचा अंदाज कसा बांधावा, याचा त्यात विचार केलेला आहे. त्यातील प्रत्येक विधान आजच्या कसोटीस उतरेलच असे नाही आणि तसा आग्रह धरण्याचेही कारण नाही. परंपरा पुढे न्यायची ती त्या निरीक्षणवृत्तीची. त्या ग्रंथाचा अभिमान मिरवायचा आणि गावात एकही भूजलतज्ज्ञ तयार करायचा नाही, हा कसला वारसा?

जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश भारत आहे. १९७२च्या दुष्काळाने महाराष्ट्राला त्याचे महत्त्व शिकवले आणि त्याच वर्षी राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ झाला. केंद्राने २०१९ साली अटल भूजल योजना आरंभली. कायदे झाले, योजना आल्या. परंतु नाला किती खोल करावा, हे अखेर पोकलेनचा चालकच ठरवणार असेल, तर योजनेचा पैसा पाण्याबरोबरच वाहून जातो. अकोला, अमरावती, बुलढाण्यातील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागते. पण ते खारे. तेथे केवळ भरपूर खोदून भागत नाही, थर ओळखावे लागतात.

हा झाला पाण्याचा प्रश्न. दुसरा थेट प्राणांचा आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळियेवर तोच प्रसंग ओढवला. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी गेली. इरशाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, ही गोष्ट वाचकांनी विसरू नये. उतारावर नव्याने पडलेली भेग, कललेली झाडे व खांब, अचानक गढूळ झालेला झरा या खुणा डोंगर पुष्कळदा आधी दाखवतो. त्या वाचणारी शिकलेली दृष्टी तेथे असावी लागते. माळीणच्याच वर्षी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरातील दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. पण नकाशातील रंग प्रत्येक वाडीपर्यंत पोहोचवायला माणसे हवीत.

भूकंपाचेही तसेच. ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपाने जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधाचा प्रश्न जगापुढे ठेवला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे झोपेतच गेली आणि दख्खनची भूमी अचल आहे, हा आपला समज मातीत मिळाला. कोयनेच्या परिसरात खडकात ३ किलोमीटर खोल वेधन घेऊन भूकंपाचा अभ्यास आपल्याच शास्त्रज्ञांनी केला. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा त्यासाठी कराडला आहे. साताऱ्या-सांगलीच्या किती पालकांना हे ठाऊक आहे?

आता त्या वडिलांचा खरा प्रश्न : पोट कसे भरणार? तो रास्त आहे आणि त्याला टाळून देशसेवेचे प्रवचन देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. भूशास्त्रात एम.एस्सी. झालेल्याला संघ लोकसेवा आयोगाची संयुक्त भू-वैज्ञानिक परीक्षा देता येते. तिच्यातून १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात व केंद्रीय भूजल मंडळात राजपत्रित अधिकारी निवडले जातात. राज्यात भूजल यंत्रणा आहे, नागपूरला भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आहे. तेल, कोळसा व मँगनीज यांच्या सार्वजनिक कंपन्या आहेत. २००६च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघात मूल्यांकन करावे लागते आणि त्यासाठी भूशास्त्र व भूजलाचे जाणकार लागतात. बोगदे, धरणे, मेट्रो व घाटरस्ते यांनाही भूवैज्ञानिक हवाच. संशोधनाची आवड असेल तर गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था यांची दारे उघडी आहेत. शिक्षणासाठीही फार दूर जावे लागत नाही. पुण्याचे फर्ग्युसन आणि मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय, पुणे, नागपूर व गोवा विद्यापीठे आणि पवईची आयआयटी येथे सोय आहे.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. शासकीय जागा मर्यादित असतात, भरती रेंगाळते. पहिल्या नोकरीचा पगार संगणक क्षेत्रातील मित्राच्या पगारापुढे फिका वाटतो. उन्हातान्हात डोंगर तुडवावे लागतात. केवळ पदवीवर भागत नाही. रसायन, गणित, दूरसंवेदन व भौगोलिक माहिती प्रणाली यांची जोड द्यावी लागते. ज्याला वातानुकूलित खोलीच हवी, त्याने या वाटेला जाऊ नये.

“मुलीला हे झेपेल का?” असे विचारणाऱ्यांनी एक उदाहरण आठवावे. १९८३च्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय महिलांपैकी सुदीप्ता सेनगुप्ता या भूवैज्ञानिक, तर अदिती पंत या नागपुरात जन्मलेल्या समुद्रवैज्ञानिक. २०१९ साली तर भूमिगत खाणींत तांत्रिक व पर्यवेक्षी कामासाठी स्त्रियांना नेमण्याची मुभाही देण्यात आली.

सकाळी उठून जमिनीवर पाऊल ठेवण्याआधी तिची क्षमा मागण्याचा संस्कार आपल्या कितीतरी घरांत आहे. भूमीला आपण माता म्हणतो. तिचे चित्र पूजतो. परंतु आईच्या पोटात काय दुखते हे जाणण्याचे कष्ट घेतले नाहीत, तर ती पूजा अपुरी राहते. प्रत्येक मुलाने भूशास्त्रच शिकावे असे कोणी म्हणणार नाही. मात्र एखादी हुशार मुलगी आपणहून ती वाट धरू पाहत असेल, तर “दगडधोंडे” म्हणून तिला परतवू नये, एवढे तरी आपण करू शकतो. त्या घरी मला पुन्हा जायचे आहे. या वेळी मी वडिलांशी बोलेन.