झोपेत दात खाणे : नाइट गार्ड घेण्यापूर्वी

खूप चिडलेल्या माणसाबद्दल मराठीत आपण म्हणतो, ‘तो दातओठ खातोय.’ उर्दूत त्यालाच ‘दांत पीसना’ म्हणतात. दोन्ही भाषांच्या तासाला हे वाक्प्रचार मुलांना समजावून सांगावे लागत नाहीत. तसा चेहरा प्रत्येकाने घरात कुणाचा ना कुणाचा पाहिलेला असतो. पण काही माणसे रागात नसतानाही, गाढ झोपेत, खरोखरच दात खातात आणि सकाळी त्यांना त्याचा पत्ताही नसतो. या महिन्यात त्यांच्याबद्दल लिहायचे आहे.

माझ्या नणंदेचे सांगते. तिला विचारूनच लिहिते आहे. ती रोह्यात राहते. शोहर कुवेतला, घरात वयस्कर सासू-सासरे आणि बारावीतला मुलगा. जवळजवळ वर्षभर तिचा उजवा कान दुखत होता. कानाच्या डॉक्टरांनी दोनदा तपासले, कानात काही निघाले नाही. कुणी म्हणाले वारा लागला, कुणी म्हणाले नजर लागली. सकाळी उठली की कानशिले ठणकायची, मग गोळी घ्यायची आणि चहा टाकायला उठायचे. एक दिवस भाकरी खाताना दाढेचा तुकडा पडला. तांदळाची मऊ भाकरी होती, मटणाचे हाड नव्हते.

दाताच्या डॉक्टरांनी तिच्या हातात आरसा दिला. दातांच्या कडा सपाट झिजल्या होत्या. गालाच्या आतून पांढरी रेघ उमटली होती. जिभेच्या कडेला दातांचे ठसे होते. दाढेची चीर मुळापर्यंत गेली होती, त्यामुळे ती काढावी लागली. कान ठीकच होता. कानाच्या अगदी पुढे जबड्याचा सांधा असतो आणि गालात चावण्याचा जाड स्नायू. रात्रभर दात आवळून हे दोन्ही दमत होते आणि कळ कानात जाणवत होती.

सासूबाईंना हे पटेना. ‘दात खाणे म्हणजे जंत. ते लहान मुलांना होतात, या वयात कुठले जंत?’ हा समज घरोघरी आहे. पण दात खाण्याचे कारण जंतच असते, असे नाही. लहान मुलांत झोपेत दात खाणे बरेच आढळते आणि बहुतेकांचे वयाबरोबर आपोआप कमी होते. त्यांचे जबडे वाढत असतात, दात पडून नवे येत असतात, म्हणून मुलांना सहसा गार्ड देत नाहीत. मूल घोरत असेल, तोंड उघडे ठेवून झोपत असेल किंवा दात दुखतात म्हणत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

या सवयीला ब्रक्सिझम म्हणतात. २०१८ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून तिचे दोन प्रकार स्पष्ट मांडले : झोपेतला आणि जागेपणीचा. झोपेतल्या प्रकारात दात करकर घासले जातात किंवा घट्ट आवळले जातात. आवाज झाला तर शेजारी झोपलेल्याला कळते, नुसते आवळले तर कुणालाच कळत नाही. जागेपणी माणूस भाजी चिरताना, गाडी चालवताना, मोबाइल बघताना दातावर दात दाबून बसतो. खरे तर जबडा स्वस्थ असताना वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकत नाहीत, त्यांच्यात २ ते ४ मिलिमीटर अंतर असते. दात टेकायचे ते चावताना आणि गिळताना.

नाइट गार्ड म्हणजे वरच्या किंवा खालच्या दातांवर झोपताना बसवायचे पारदर्शक टोपण. मोटारसायकलच्या हेल्मेटने अपघात थांबत नाही, पण डोके वाचते. तसेच हे आहे. गार्डने दात आवळण्याची सवय जात नाही. झीज दातांऐवजी गार्डची होते आणि जोर सगळ्या दातांवर सारखा वाटला जातो. ‘पैसे भरले तरी दात आवळतेच’ अशी तक्रार पुष्कळ जण करतात, म्हणून हे आधीच समजून घ्यावे.

मापाचे गार्ड कसे बनते, ते पेणकरांना समजावणे सोपे आहे. गणपतीच्या कारखान्यांमुळे साचा आणि प्लास्टर इथल्या पोरासोरांनाही माहीत असते. डॉक्टर एका ट्रेमध्ये मऊ लगदा घेऊन दातांवर दाबून धरतात. त्याला अल्जिनेट म्हणतात. ते समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून काढतात, त्यामुळे हलाल-हरामची शंका मनात असेल तर ती ठेवू नये. दोन-तीन मिनिटांत लगदा घट्ट होतो. त्यात प्लास्टर ओतले की आपल्या दातांची हुबेहूब प्रतिकृती मिळते. ती लॅबमध्ये जाते आणि तिच्यावर गार्ड तयार होते. त्याला काही दिवस लागतात.

माप देताना अनेकांना उमासा येतो. पोट भरून जाऊ नये. खुर्चीत जरा पुढे वाकून बसावे, नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि पायाची बोटे हलवत राहावे. लक्ष तिकडे गेले की दोन मिनिटे निघून जातात. उमासा लवकर येत असेल तर आधीच सांगावे, लाजू नये.

माप देण्याआधी एक गोष्ट पाहावी. किडलेले दात, निघालेले सिमेंट, बसवायची राहिलेली कॅप ही कामे आधी उरकून घ्यावीत. गार्ड आजच्या दातांवर बेतलेले असते. नंतर कॅप बसवली तर ते बसणार नाही आणि पुन्हा खर्च येईल.

गार्ड हातात मिळाले की काम संपले, असे नाही. डॉक्टर रंगीत कागद दातांत धरून चावायला सांगतात. जिथे ठसा गडद उमटतो, तिथे जोर जास्त पडतो. ती जागा घासून सारखी करतात. हे केल्याशिवाय उठू नये. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवावे. सुरुवातीच्या रात्री लाळ जास्त सुटते, दात घट्ट धरल्यासारखे वाटतात. आठवड्याभरात सवय होते. जबडा जास्तच दुखू लागला किंवा सकाळी दात नेहमीसारखे जुळेनात, तर गार्ड बंद ठेवून डॉक्टरांकडे जावे.

गार्डचे साधारण तीन प्रकार आहेत. मऊ गार्ड स्वस्त आणि घालायला सोपे, पण जोराने आवळणाऱ्यांचे लवकर फाटते आणि काहींना ते च्युइंगमसारखे चावत बसावेसे वाटते. कडक गार्ड कवळीच्या अ‍ॅक्रिलिकसारख्या पदार्थाचे असते. ते महाग पडते, पण टिकते आणि घासून नीट जुळवता येते. तिसरे आतून मऊ, बाहेरून कडक. कोणते घ्यायचे ते झीज किती आहे, यावर ठरते. ऑनलाइन काही शे रुपयांत गरम पाण्यात बुडवून चावायचे गार्ड मिळते. तात्पुरते म्हणून ठीक, पण ते जाड असते, नीट बसत नाही आणि चुकीच्या जागी जोर देऊ शकते. फक्त पुढच्या दोन-चार दातांवर बसणारी छोटी गार्डेही मिळतात. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ती वापरू नयेत, कारण मागचे दात मोकळे राहून सरकू शकतात.

मापाचे गार्ड काही हजारांत जाते. आमच्या घरी चर्चा इथेच अडली. ‘झोपताना घालायच्या प्लास्टिकला एवढे पैसे?’ मुलाच्या क्लासची फी सहज निघते, मोबाइलचा हप्ता निघतो, पण घरातल्या बाईच्या जबड्यासाठी हात आखडतो. तेव्हा हिशेब मांडून पाहावा. दाढ फुटली तर रूट कॅनाल आणि कॅप, नाहीतर दाढ काढून कृत्रिम दात; कोणताही मार्ग घेतला तरी खर्च गार्डपेक्षा जास्त. शिवाय गेलेली दाढ परत येत नाही. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, हे आपण जलशांत ऐकतो. ती अमानत घरातल्या बाईकडेही आहे.

खर्च झेपत नसेल तर दंत महाविद्यालयाची वाट धरावी. पेण आणि रोह्याहून कामोठ्याचे एमजीएम दंत महाविद्यालय मुंबईपेक्षा जवळ आहे. मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणारे डॉक्टर अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. दर कमी असतात, फेऱ्या मात्र जास्त होतात.

गार्ड सकाळी काढल्यावर थंड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावे. गरम पाणी लावू नये, आकार बिघडतो. भोके असलेल्या डबीत कोरडे ठेवावे. रुमालात गुंडाळून ठेवलेले गार्ड कपड्यांबरोबर धुतले जाते किंवा कचऱ्यात जाते. वुजूच्या वेळी काढून चूळ भरावी. रमजानमध्ये सहेरीला उठल्यावर काढून दात घासावेत. फजरनंतर पुन्हा झोपणाऱ्यांनी रोज्यात गार्ड घालण्याबद्दल आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

आता सवयीच्या मुळाकडे येऊ. संध्याकाळनंतरचा कडक चहा, कॉफी, तंबाखू, मशेरी यांचा दात खाण्याशी संबंध आहे. मन शांत ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनीही दात आवळले जातात. अशी गोळी स्वतःहून बंद करू नये, ती देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे. जो माणूस जोरात घोरतो, झोपेत श्वास अडकून दचकतो आणि दिवसभर पेंगतो, त्याने गार्डच्या आधी झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्यावी.

आणि ताण. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने २०२१ च्या सुरुवातीला पाहणी केली, तेव्हा ७० टक्क्यांहून जास्त दंतवैद्यांनी सांगितले की कोरोनाकाळात दात आवळणारे रुग्ण वाढले. आपल्याकडे त्याच काळात, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळाने घरांचे पत्रे आणि बागा नेल्या. पेणमध्ये २०१० साली अर्बन बँक बुडाली तेव्हा मुलींच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे अडकलेली घरे सगळ्यांनी पाहिली आहेत. धाटावच्या कंपन्यांतली रात्रपाळी आहे, परदेशातल्या नोकरीची अनिश्चितता आहे. २०११ पासून काम चाललेल्या महामार्गावरून पेण-नागोठणे-रोहा अशी रोज ये-जा करणाऱ्या मला तर खड्डा येण्याआधीच दात आवळलेले जाणवतात.

जागेपणी दात आवळणे गार्डने नाही, लक्षाने कमी होते. साधा नियम असा : ओठ मिटलेले, दात सुटलेले, जीभ वर. ‘नून’ म्हणताना जीभ जिथे टेकते, तिथेच ती राहू द्यावी. आठवण कशी राहणार? आपल्याकडे पाच वेळची सोय आहेच. प्रत्येक वुजूला चूळ भरण्याआधी क्षणभर पाहावे, दात टेकलेत का? टेकले असतील तर जबडा सैल सोडावा. ओट्यावर आणि मोबाइलच्या मागे एक रंगीत टिकली चिकटवावी, ती दिसली की तेच करावे. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटे गालांवर गरम पाण्याची पट्टी ठेवली तर स्नायूंना आराम पडतो.

नणंदेने शेवटी कडक गार्ड करून घेतले. सकाळचा ठणका बराच कमी झाला आहे. सहा महिन्यांनी गार्ड डॉक्टरांना दाखवले, तेव्हा त्याच्यावर ओरखडे होते. म्हणजे रात्रीचे आवळणे अजून चालू आहे. डॉक्टरांनी तिला विचारले, ‘दिवसभर मनात काय चालते?’ ती मला म्हणाली, ‘भाभी, हा प्रश्न घरात कुणी विचारला नव्हता.’ मग आम्ही बसून बोललो. सासऱ्यांची औषधे, मुलाची परीक्षा, कुवेतचा फोन लागेपर्यंतचे तास, सगळे तिच्या एकटीवर होते. आता सासऱ्यांना दवाखान्यात माझे मियाँ नेतात. रविवारी मुलगा दोन्ही वेळची भांडी घासतो, आणि अजून तरी त्याचे गुण कमी झालेले नाहीत.

तेव्हा वाचक बहिणींनो आणि भावांनो, घरात कुणाचा जबडा सकाळी दुखतो, कुणाची कानशिले ठणकतात, झोपेत कुणाचे दात वाजतात, हे एकदा विचारून पाहा. तसे असेल तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा. गार्ड लागेल असे ते म्हणाले तर चार गोष्टी विचारा : मऊ की कडक आणि का, लॅबचा खर्च धरून एकूण किती, जुळवायला पुन्हा बोलावणार का, फाटले तर काय. आणि ज्याचे दात आवळले जातात, त्याच्या अंगावरचे एखादे काम या आठवड्यात दुसऱ्याने घ्यावे. अल्लाह आपणा सर्वांना आफियत देवो. आमीन.