गुंजभर पेन्शन

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाल्यापासून चाकणच्या वाहन कारखान्यांपर्यंत पसरत गेलेल्या औद्योगिक पट्ट्यात रुपयाच्या घसरणीची झळ सर्वांना सारखी बसत नाही. कायम कामगाराला वेतनकराराचा, आणि जेथे महागाई भत्ता म्हणजे किंमत निर्देशांकाबरोबर वाढणारा पगाराचा भाग असतो तेथे त्याचाही, आधार मिळतो. पण तोच कामगार निवृत्त होऊन १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेखाली आला, की त्याची पेन्शन एका आकड्याशी खिळून राहते, कारण या योजनेत महागाई भत्ताच नाही.

या योजनेतील किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरली आणि २०२५ सरले तरी ती तेवढीच होती. त्याच काळात दहा ग्रॅम सोने सुमारे २८ हजारांवरून लाखापलीकडे गेले. सराफ पूर्वी ज्या लाल-काळ्या गुंजेने सोने तोलत, ती तोळ्याचा शहाण्णवावा भाग. त्या मापाने महिन्याच्या पेन्शनमध्ये तेव्हा जवळजवळ तीन गुंजा सोने येई, आता एक गुंजही पुरी येत नाही. नातीच्या बारशाला ग्रॅमभराच्या बाळ्या करायच्या, तर घडणावळ सोडूनही दहा महिन्यांहून अधिक पेन्शन मोजावी लागते.

सोन्याच्या भावातली ही सारी वाढ म्हणजे महागाई नव्हे, हेही सांगितले पाहिजे. जागतिक भाव आणि डॉलरपुढे घसरलेला रुपया यांचा तीत मोठा वाटा आहे. अमेरिकेने १५ ऑगस्ट १९७१ रोजी परदेशी सरकारांना ३५ डॉलरला एक औंस सोने देणे थांबवले, तेव्हापासून कागदी चलनामागे केवळ सरकारची पत उरली. मार्च २०२५ अखेर सुमारे ८८० टन सोने बाळगणारी रिझर्व्ह बँक आपल्या गंगाजळीची अशी काळजी घेते, तेव्हा तीच बँक जारी करते त्या नोटांवर म्हातारपण काढणाऱ्याला वाऱ्यावर सोडणे अन्यायाचे आहे.

पेन्शन निधीत तूट असल्याचे सरकार सांगते. परंतु त्या तुटीचा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकण्याचे समर्थन त्यातून होत नाही. औद्योगिक कामगारांसाठी सरकारच दरमहा किंमत निर्देशांक काढते. किमान पेन्शन आधी वाढवून मग त्याच निर्देशांकाला जोडली पाहिजे, आणि ज्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेमुळे ३५ वर्षांच्या सेवेलाही ७,५०० रुपयांपुढे जाता येत नाही, ती मर्यादाही त्याच वेळी उठवली पाहिजे, कारण चाकणमध्ये आज रुजू होणारा कंत्राटी तरुण निवृत्त होईल तो २०६० च्या सुमारास.