हौदातली माकडीण

बिरबलाची ती गोष्ट माहीत नसलेलं मराठी घर विरळाच. हौदात माकडीण आणि तिचं पिल्लू. वरून पाणी सोडलेलं. पाणी कमरेला लागलं तसं पिल्लू खांद्यावर, गळ्याशी आलं तसं डोक्यावर. नाकातोंडात जायला लागल्यावर मात्र पिल्लू पायाखाली! जिवाहून प्यारं काही नाही, हे बादशहाला पटलं आणि पिढ्यान्‌पिढ्या आपल्यालाही.

यातलं पाणी आपण सोडलेलं, हौद आपण बांधलेला, हे कुणी बोलत नाही.

आता रानातली आई बघा. पश्चिम आफ्रिकेत गिनी देशात बोसू नावाचं गाव आहे. गावालगतच्या टेकडीवर चिंपांझींची एक टोळी राही. (चिंपांझी म्हणजे माकड नव्हे, त्याला शेपूट नसते, पण मेलेलं पिल्लू उराशी धरून हिंडणाऱ्या आया माकडांतही दिसतात.) 1992 साली तिथल्या जिरे नावाच्या मादीचं अडीच वर्षांचं पिल्लू, जोक्रो, श्वसनाच्या आजारानं गेलं. तेत्सुरो मात्सुझावा या जपानी संशोधकानं पुढचं सगळं चित्रित केलं. निदान 27 दिवस जिरे ते कलेवर वागवत होती. ते वाळून चामड्यासारखं झालं, तरी ती त्याच्यावरच्या माशा हाकलायची, त्याचं अंग साफ करायची. जिवंत पिल्लू आईच्या केसांना स्वतःच घट्ट धरून असतं. हे कसलं धरणार? 2003 च्या साथीत तिचं आणखी एक पिल्लू गेलं, जिमातो. त्याला तिनं 68 दिवस सोडलं नाही.

याला दुःख म्हणायचं? मी एकदम म्हणणार नाही. टोळीतली पोरं त्या कलेवराशी खेळायची आणि आई खेळू द्यायची. माणसाच्या घरात हे कुणाला बघवणार नाही. तिला मरण कळलंच नसेल, हातांना सवय लागली असेल, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. त्यांचा सावधपणा मला मान्य आहे. पण ‘नुसती सवय’ मधला ‘नुसती’ खटकतो.

वडील गेल्यावर आई दोन-तीन महिने चहाचं आधण चार कपांचंच ठेवायची. उरलेला चहा संध्याकाळी मोरीत ओतायची, मुकाट्यानं. तीही सवयच होती.